मावशींचे खाते

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांचा एक गाळा आहे. पुढे काचेच्या तावदानामागे छोटेसे कार्यालय, मागे पॅकिंगची जागा आणि पोटमाळ्यावर छतापर्यंत रचलेली खोकी. धनत्रयोदशीपर्यंत तेथे कोणाला पाणी प्यायलाही उसंत नसते. ताटे, वाट्या, तांबे, डबे यांच्या पेट्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि टेम्पोत चढवायच्या, हाच दिनक्रम. मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाळा धुऊनपुसून स्वच्छ होतो, पाटावर वह्या मांडल्या जातात आणि चोपडापूजन होते. हिशेब संगणकावर गेले त्याला बरीच वर्षे झाली. तरी लाल कापडी बांधणीची एक वही पूजेसाठी अजून आणली जाते. पूजा आटोपली की शेठ बोनसची पाकिटे वाटतात आणि पाकीट घेणारा प्रत्येक जण नोंदवहीत सही करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सर्वांत शेवटी मावशी पुढे आल्या. मावशी अठरा वर्षे या गाळ्यात पॅकिंगचे काम करीत होत्या. कोणत्या खोक्यात कोणत्या मापाची वाटी आहे हे त्यांना हात लावताच कळे. डझनाचा तोंडी हिशेब त्यांच्याइतका बिनचूक दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण सर्वांची पाठ वळेपर्यंत त्या थांबल्या, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, नोंदवहीत उमटवला आणि पदराच्या आतल्या बाजूने तो पुसू लागल्या. शाई निघून गेल्यावरही त्या पुसतच राहिल्या. गाळ्याचा हिशेब पाहणाऱ्या धाकट्या सूनबाईंचे तिकडे लक्ष गेले. त्या अंगठ्याचा ठसा अठरा वर्षे सर्वांनी पाहिला होता. ते पुसणे मात्र त्या दिवशी प्रथमच कोणाच्या नजरेस पडले.

गाळा पुन्हा उघडतो तो लाभपंचमीच्या मुहूर्तावर. तोच दिवस ज्ञानपंचमीचा. घरी त्या सकाळी ग्रंथ आणि वह्या मांडून पूजा होते आणि मग मंडळी मुहूर्ताला गाळ्यावर येतात. त्या दिवशी मावशी झाडलोट करायला लवकर आल्या होत्या, पण त्यांचे डोळे सुजलेले होते. सूनबाईंनी विचारल्यावर हळूहळू सारे बाहेर आले. बोनसची रक्कम भरायला त्या बँकेत गेल्या होत्या. धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीची वेळ जवळ आली होती, म्हणून एकूण किती जमले आहे ते त्यांनी खिडकीवर विचारले. मनात धरलेल्या रकमेच्या निम्मीदेखील शिल्लक नव्हती. एटीएम कार्ड आणि त्याचा पिन चार वर्षे भाच्याकडे होता. मावशींनी दोन हजार आणायला सांगितले की तो दोन हजार आणून देई; खात्यातून मात्र कधी तीन, कधी पाच निघालेले होते. पासबुकात सारे छापलेले होते, तारीख, रक्कम, शिल्लक. ते पासबुक मावशींनी चार वर्षे ट्रंकेत, देवाच्या तसबिरीखाली जपून ठेवले होते.

यात बँकेची चूक नव्हती. अंगठा लावणाऱ्या खातेदाराबाबत बँका सावध असतात. फोटो आणि पासबुक पाहून, खातेदार स्वतः समोर असेल तरच खिडकीवर पैसे देतात, आणि सामान्यतः चेकबुकही देत नाहीत. पण एटीएमच्या यंत्राला फोटो दिसत नाही. योग्य पिन टाकणारा तो खातेदार, एवढेच त्याला कळते. १९७० च्या दशकात निरक्षर माणसाला सावकाराच्या वहीची भीती असे. आज वही सरकारमान्य बँकेची असते आणि हिशेब चोख असतो. तरी ज्याला तो वाचता येत नाही तो पूर्वीइतकाच दुसऱ्याच्या हाती असतो.

त्या संध्याकाळी घरी हा विषय निघाला तेव्हा शेठ म्हणाले, “आपल्याकडे तरी तिची उचल पैशापैशाने लिहिलेली आहे. अठरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे नाही.”

सूनबाई म्हणाल्या, “खरे आहे, पप्पाजी. पण ते आपल्याला ठाऊक आहे. मावशींना कसे कळणार?”

शेठ काही बोलले नाहीत. व्यापारात ज्याच्या नावाचे खाते त्याला ते पाहण्याचा अधिकार असतो. दोन्ही बाजूंच्या वह्या जुळल्या तरच हिशेब मिटला असे मानतात. मावशींच्या खात्याची दुसरी बाजू कधी अस्तित्वातच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात सूनबाई जवळच्या महापालिका शाळेत गेल्या. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती. मिठागरांच्या आणि मच्छीमारांच्या गावांवर उभे राहिलेले हे शहर मुख्यतः बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे आहे. म्हणूनच महापालिकेच्या शाळाही मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या आहेत. मुलांच्या शाळेत बावन्न वर्षांच्या बाईची चौकशी करताना सूनबाईंना थोडा संकोच वाटत होता. मुख्याध्यापिकांना मात्र त्यात काही नवल वाटले नाही. त्यांनी कपाटातून एक नोंदवही काढली आणि सरकारची व्यवस्था समजावून सांगितली.

केंद्र सरकारने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ मंजूर केला. त्यालाच पुढे ‘उल्लास’ हे नाव मिळाले. २०२२–२३ ते २०२६–२७ अशी त्याची मुदत असून पंधरा वर्षे व त्यावरील कोणत्याही वयाच्या निरक्षर व्यक्तीला त्यात नाव नोंदवता येते. त्याचे पाच भाग आहेत. पहिला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान. दुसरा जीवनकौशल्ये, म्हणजे पैशाचे व्यवहार, मोबाईलचा वापर, आरोग्य, कायद्याची जुजबी माहिती. तिसरा व्यवसाय कौशल्ये, चौथा शालेय पातळीचे मूलभूत शिक्षण आणि पाचवा निरंतर शिक्षण. दिल्लीत शिक्षण मंत्रालय, पुण्यात शिक्षण संचालनालयाचा योजना विभाग, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (योजना), अशी वरून खाली उतरणारी साखळी शेवटी शाळेपाशी येऊन थांबते. निरक्षर कोण आणि शिकवायला तयार कोण याची नोंद शाळेने करायची, दोघांची जोडी मोबाईलच्या ॲपवर लावून द्यायची, प्रवेशिका पोहोचवायची आणि शेवटी चाचणी घ्यायची.

“आणि शिकवणाऱ्याला मानधन किती?” सूनबाईंनी विचारले. मुख्याध्यापिका हसल्या. मानधन नव्हते. शिकवणारा स्वयंसेवक होता.

हा ‘स्वयंसेवक’ शब्द समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. प्रौढांना शिकवण्याची खटपट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शिकता येत नाही, ही साधी गोष्ट त्या शाळेच्या वेळेतच होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. तिचे वैशिष्ट्य असे की सरकारने माणसागणिक शिक्षक नेमले नाहीत. आपल्या गावातला प्रत्येक प्रौढ साक्षर करण्याचा निर्धार गावानेच करायचा होता. शिक्षक आणि शिकलेले तरुण देवळात, चावडीवर, कोणाच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात शिकवीत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. खर्च अगदी थोडा होता, कारण खर्चाची मोठी बाब, म्हणजे माणसांचा वेळ, गावाने स्वतःच्या खात्यातून दिली होती. मोहिमेची दुबळी बाजूही तेथेच दिसली. समारंभानंतर वाचायला काही उरले नाही तेथे शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसली गेली.

पुढे २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना शिकवण्याचे त्याचे लक्ष्य होते. साधारण तीस जणांचे एक केंद्र आणि शिकवणाऱ्याला महिना ५० रुपये, अशी त्याची रचना. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि केरळमधील एर्नाकुलम जिल्हा १९९० साली संपूर्ण साक्षर जाहीर झाल्यावर देशभर जिल्हावार मोहिमांचे वारे वाहू लागले. ८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ आले. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत एक लोकशिक्षण केंद्र आणि त्यावर महिना २,००० रुपये मानधनाचे दोन प्रेरक होते. पण तो कार्यक्रम प्रौढ स्त्रियांची साक्षरता निम्म्यापेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागापुरता होता. मागास जिल्ह्यांतली गावे त्या नियमात बसत होती. गाव सोडून शहरात आलेली माणसे बसत नव्हती. मराठवाड्यातून लग्नानंतर नवऱ्यामागोमाग भाईंदरला आलेल्या मावशी त्या काळात गाळ्यात खोकी बांधीत होत्या. ‘साक्षर भारत’ ३१ मार्च २०१८ रोजी संपले आणि प्रेरकांचे मानधनही थांबले.

सरकारी अंदाजाप्रमाणे २०११ च्या जनगणनेच्या वेळी देशात पंधरा वर्षांवरील २५.७६ कोटी लोक निरक्षर होते. त्यांपैकी १६.६८ कोटी स्त्रिया होत्या, म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोन. ‘साक्षर भारत’ने ७.६४ कोटींना साक्षर केले असे धरले तर उरले १८.१२ कोटी. ‘उल्लास’चे पाच वर्षांचे लक्ष्य पाच कोटींचे आहे. त्यासाठी केंद्राचे ७०० कोटी आणि राज्यांचे ३३७.९० कोटी, असा एकूण १,०३७.९० कोटी रुपयांचा आराखडा आहे. आकडा मोठा दिसतो. पण व्यापाऱ्याच्या घरात आकडा भागाकार केल्याशिवाय समजत नाही. १,०३७.९० ला ५ ने भागले की एका माणसामागे सुमारे २०८ रुपये येतात. त्यात सर्वेक्षण, ॲप, पुस्तिका, प्रशिक्षण, चाचणी आणि प्रमाणपत्र बसवायचे आहे. शिकवणाऱ्याचा तास त्यात बसत नाही आणि तो बसवलेलाही नाही. शिकणाऱ्याचा तासही नाही.

याला कंजुषी म्हणता येईल, आणि तसे म्हणणारे आहेत. २०२३ साली राज्यातील शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणाच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा वर्गातल्या मुलांना शिकवायचे की घरोघर निरक्षर शोधत फिरायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण ताळेबंद म्हणून पाहिले तर दुसरी गोष्ट स्पष्ट होते. सरकारने पुस्तक, परीक्षा आणि प्रमाणपत्र आपल्या खर्चाला लावले आहे. वेळ आणि जागा समाजाच्या खात्यावर टाकली आहे. साताऱ्यात ती बाजू गावाने भरली. शहरात गाव कोणते? चाळीत शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. जो माणूस निरक्षर कामगाराला रोज पाहतो, ज्याच्या हातात त्याच्या दिवसाचे तास असतात, तो त्याचा मालक असतो. भाईंदरसारख्या शहरात गाव म्हणजे गाळा, दुकान, पेढी आणि सोसायटी. तेथून तास सुटला नाही तर दिल्लीपासून आलेली साखळी शाळेच्या कपाटातल्या नोंदवहीत येऊन संपते.

शेठनी हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला. शेजारच्या दोन गाळ्यांतल्या चार जणी धरून पाच बायका, रोज एक तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० तास. त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि दुपारी दोन ते तीन ही वेळ दिली. पगार कापायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. शेजारच्या गाळेवाल्याने हरकत घेतली, “शिकल्या म्हणजे पगार वाढवून मागतील.” शेठ म्हणाले, “ते न शिकताही मागतातच.” शेजारी हसला आणि त्याने आपल्या दोघींना पाठवले.

वेळेचे महत्त्व किती असते याचे उदाहरण याच ठाणे जिल्ह्यात आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने २०१६ च्या महिला दिनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर अडकवून येतात. त्या छायाचित्रांचे कौतुक दूरदूरच्या देशांत झाले. पण शाळा चालली ती गुलाबी लुगड्यामुळे नव्हे. घरची आणि शेतातली कामे आटोपून आजी मोकळ्या होतात त्या दुपारच्या वेळेला शाळा भरते, म्हणून ती चालली. शाळेने आज्यांचे घड्याळ पाहिले.

गाळ्यातल्या वर्गाचे काही सुरळीत झाले असे नाही. पहिले दोन महिने मावशी सर्वांत मागे होत्या. बाकीच्या जणी ‘क’ आणि ‘फ’ वेगळे सांगू लागल्या तरी मावशी पानाकडे पाहत राहत, घामाघूम होत आणि “माझ्या डोक्यात नाही शिरत, वहिनी” असे म्हणून वही मिटत. एक दिवस सूनबाईंनी पाहिले की पान हातभर लांब धरले की त्यांना अक्षर लागते. दुसऱ्या दिवशी त्यांना चष्मेवाल्याकडे नेले. चाळिशी बारा वर्षांपूर्वीच लागायला हवी होती. वाचायचेच नव्हते, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अक्षर कळत नव्हते असे नाही, ते दिसत नव्हते. प्रौढांच्या वर्गात पाटीच्या आधी चष्मा लागतो, हे कोणत्याही पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापायला हरकत नाही.

उत्तर प्रदेशातून आलेली एक जण मराठी प्रवेशिका घेऊन पंधरा दिवस गप्प बसली होती. आपापल्या भाषेत शिकण्याची सोय आहे हे कळल्यावर शाळेतून तिला हिंदी पुस्तिका आणून दिली आणि ती बोलू लागली. एकीच्या नवऱ्याने येणे बंद केले. एक गावी गेली ती परतली नाही. मावशी मात्र गणितात सर्वांच्या पुढे होत्या. बेरीज त्यांना शिकवावी लागलीच नाही. त्यांच्या डोक्यात असलेली बेरीज कागदावर कशी मांडायची एवढेच दाखवावे लागले. राज्यातील पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली, तेव्हा त्यांची पहिली पुस्तिकाही संपलेली नव्हती. नंतर लगीनसराई आली, मग पावसाळा, आणि गणपतीपासून धनत्रयोदशीपर्यंतचा हंगाम. या हंगामात शेठनाही दोन ते तीनचा तास देणे जमले नाही. जवळजवळ दोन महिने वर्ग बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा जोडाक्षरे निम्मी विसरली होती. त्या दिवशी शेठ वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ही चूक माझी आहे. पुढच्या हंगामात निदान अर्धा तास तरी चुकवायचा नाही.”

पुढच्या मार्चमधल्या एका रविवारी मावशी चाचणीला बसल्या. चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण, आणि प्रत्येकात किमान १७ मिळवावे लागतात. ज्याला ते मिळत नाहीत त्याला नापास म्हणत नाहीत. ‘सुधारणा आवश्यक’ म्हणतात आणि पुन्हा बसू देतात. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे वर करून बसलेल्या त्या बायकांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला त्यांची मुले आली होती. मावशींची धाकटी मुलगी बाहेर सावलीत बसून राहिली होती. तिची फी त्या वर्षी शेठनी उचल म्हणून दिली होती आणि ती उचल मावशींच्या खात्यात नावे पडली होती.

मावशी उत्तीर्ण झाल्या. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यांनी पहिले काम केले ते बँकेत जाण्याचे. अंगठ्याच्या जागी नमुना सही नोंदवायची तर पुन्हा फोटो, आधार, अर्ज असे सर्व द्यावे लागते. तो अर्ज त्यांनी स्वतः भरला; एका बाईला एका अर्जासाठी तीन कोरे कागद लागले. भाच्याकडचे कार्ड त्यांनी पूर्वीच परत घेतले होते. आता पिनही बदलला. भाच्याशी बोलणे त्यांनी तोडले नाही. तो दर महिन्याला थोडे थोडे परत करतो आणि मावशी ते एका छोट्या वहीत तारखेसह लिहितात.

साक्षरता येथे संपत नाही, आणि सरकारी रचनेतही ती येथे संपावी असे नाही. पुढे शिकायचे असेल तर मुक्त विद्यालयाच्या पाचवी व आठवीच्या परीक्षा आहेत, त्यानंतर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. हातात कौशल्य हवे असेल तर जन शिक्षण संस्थाने आहेत. त्यांचा उगम मुंबईचाच. १९६७ साली वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले ते गिरणी आणि कारखान्यांतल्या कामगारांना काम, अक्षर आणि व्यवहार एकत्र शिकवण्यासाठी. २००० साली अशा विद्यापीठांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ साली ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रेही आहेत. दारे पुष्कळ आहेत. पण त्यांतले कोणतेही दार स्वतः चालत गाळ्यापर्यंत येत नाही आणि गाळ्यातली बाई दुपारी दोन वाजता चालत तेथपर्यंत जाऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक पेढीने आपल्या पगाराच्या नोंदवहीचे पान एकदा उलटून पाहावे. किती जागी सही आहे आणि किती जागी ठसा, ते मोजावे. ठसा असेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. पुस्तिका, नोंदणी आणि चाचणी यांसाठी एक पैसा लागत नाही. शिकवायला घरातली सून, कॉलेजात जाणारा मुलगा, निवृत्त मेहताजी, कोणीही चालतो. द्यायचा आहे तो तास, एक जागा आणि गरज पडल्यास चष्मा. दान करण्यात कोणतीही पेढी मागे नसते. हे दान मात्र पावती पुस्तकात लिहिता येत नाही आणि फलकावर नाव लागत नाही, म्हणून ते राहून जाते.

गेल्या दिवाळीत चोपडापूजन झाले, पाकिटे वाटली गेली. मावशींनी सर्वांच्या समोर सही केली, पण त्या तेथून हलल्या नाहीत. “वहिनी, माझे खाते बघायचे होते,” त्या म्हणाल्या. सूनबाईंनी संगणकावरून कागद काढून दिला आणि देता देताच त्यांचा हात थांबला. सारे इंग्रजीत होते. अठरा वर्षांचे हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या घराला, ते हिशेब मावशींच्या भाषेत नाहीत हे दोन वर्षे शिकवूनही सुचले नव्हते.

शेठ उठले. पाटावरची पूजेची लाल वही त्यांनी घेतली. त्या वहीत स्वस्तिकाखेरीज काही लिहिण्याची रीत कधीच मोडली होती. पहिले पान सोडून दुसऱ्या पानावर त्यांनी मावशींचे नाव घातले आणि सूनबाईंना वर्षभराची उचल आणि कपात मराठीत लिहायला सांगितली. लिहून झाल्यावर मावशींनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. एका ठिकाणी बोट थांबले.

“हे पाचशे कशाचे?”

“गणपतीत गावाला जाताना घेतले होते, मावशी.”

“हां. एसटीचे.” बोट पुढे सरकले. बेरजेपाशी त्या पुन्हा थांबल्या, ओठांतल्या ओठांत मोजले आणि वही मिटून शेठच्या हातात दिली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

ते बरोबर होते, हे शेठना अठरा वर्षे ठाऊक होते. दुसऱ्या कोणी तसे म्हटलेले मात्र त्यांनी त्या संध्याकाळी प्रथमच ऐकले. वही त्यांनी कपाटात ठेवली नाही. गल्ल्याशेजारी, मावशींच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवली.